इंजिनवरचा गंज: किनाऱ्यावरच्या गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीजवळ खाडीच्या काठी आमचं गॅरेज आहे. पाऊस ओसरला की बॉनेट उघडून 'हे बघा काय झालंय' म्हणणारी माणसं रोज येतात. बहुतेकांना धास्ती वाटते ती गंजाच्या रंगाची. जिथे खरंच बघायला हवं तिथे मात्र त्यांची नजर गेलेली नसते. तेच प्रश्न वर्षानुवर्षं येत राहतात, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

बॉनेटखाली सगळं तांबूस झालंय. इंजिन गेलं का?

नाही. आधी नेमका कोणता भाग तांबूस झालाय ते बघा. इंजिनमधून जळलेला धूर जिथून बाहेर पडतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि डिझेल गाडीतलं टर्बोचं गरम बाजूचं घर हे बऱ्याच गाड्यांत ओतीव लोखंडाचं असतं. त्यावर रंग नसतो. शोरूममधून आणलेल्या गाडीतही काही आठवड्यांत ते लाल होतं आणि जन्मभर लाल राहतं. काही मिलिमीटर जाड ओतीव लोखंडाला वरचा तो थर काही करत नाही. बोल्टची डोकी, ब्रॅकेट, इंजिन माउंटिंगची लोखंडी बाजू यांवरचा गंजही बहुतेक वेळा वरवरचाच असतो.

मी घाबरतो ते पातळ पत्र्याला आणि नळ्यांना. ऑइलचा चेंबर, बॅटरीखालचा ट्रे, कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) लोखंडी नळ्या, ब्रेकचे पाइप. मॅनिफोल्ड लालभडक असला तरी चालेल. ब्रेकच्या पाइपावर पापुद्रे दिसले तर मात्र त्या गाडीने घाट उतरू नका. तो पाइप घासायचा नसतो, रंगवायचाही नसतो. तो बदलायचा असतो.

वरवरचा गंज आणि आत शिरलेला गंज घरी कसा ओळखायचा?

इंजिन गार असताना कोरडं फडकं घासून बघा. फडक्यावर नुसती तांबडी पूड आली आणि खालचा भाग गुळगुळीत लागला तर गंज वरचा आहे. नख लावल्यावर पापुद्रा निघाला तर तो खाली उतरायला लागलाय. लोखंडाचा गंज होताना त्याचं आकारमान दुपटीहून जास्त फुगतं, म्हणूनच पापुद्रे उचलले जातात आणि म्हणूनच गंजलेला भाग दिसायला जाड आणि प्रत्यक्षात बारीक झालेला असतो. तारेच्या ब्रशने घासल्यावर खड्डे दिसले तर स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे बेताने दाबून बघा. पत्रा दबला किंवा आवाज भद्द आला तर तो भाग संपला. ही दाबून बघण्याची तपासणी ब्रॅकेट आणि ट्रेवर करा. चेंबरवर जोर लावू नका, ऑइल जमिनीवर येईल.

गाडी पुण्यात होती तोवर काही नव्हतं. गावी आणली आणि एका पावसात गंजली. असं कसं?

मिठामुळे. लोखंडाला गंजायला हवा आणि ओल लागते, पण ओल म्हणजे पाऊसच असं नाही. स्वच्छ लोखंड हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की जोमाने गंजायला लागतं. मिठाचं आणखी वेगळं आहे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सुटून ओलं होतं, तेच इथे होतं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा जवळजवळ कायम त्या पातळीच्या वर असते. त्यामुळे इंजिनवर बसलेला खारा थर महिनोन् महिने सुकतच नाही.

गाडीच्या टपावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. बॉनेटखालचं कोण धुणार? रेडिएटरच्या जाळीतून खारी हवा थेट आत येते आणि तिथेच बसते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले अशा फेरीबोटींवरून गाडी नेत असाल तर अंगावर उडालेले तुषारही त्यात धरा. आणि पुळणीवर, लाटांच्या कडेने गाडी चालवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ते करू नका. दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी गाडीच्या पोटात मिठाचं पाणी अशा ठिकाणी जातं जिथे नंतर नळीही पोचत नाही.

काही भागांवर पांढरी पूड आहे. तोही गंजच का?

तो लोखंडाचा गंज नव्हे. टप्पेट कव्हर (इंजिनच्या वरचं झाकण), अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं) घर, गिअरबॉक्स हे भाग बहुतेक ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम लाल होत नाही, त्यावर पांढरट पूड येते. नायलॉनच्या ब्रशने साबणपाण्यात घासून, धुऊन, सुकवा. लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर लावू नका, लोखंडाचे कण रुततात आणि तेच पुढे गंजतात. जिथे लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलाय आणि खारं पाणी साचतं, तिथे दोन धातूंच्या संगतीमुळे ॲल्युमिनियम झपाट्याने झिजतं. त्या जागा लक्षात ठेवा.

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड वेगळीच. ती आम्लाची करणी. निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून ओता, फेस थांबेपर्यंत थांबा, पाण्याने धुवा, सुकल्यावर व्हॅसलिन लावा. जोडताना पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. बॅटरी काढलीच आहे तर खालचा ट्रे उचलून बघा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत बॉनेटखालचा सगळ्यात वाईट गंज मला बहुतेकदा त्या ट्रेखालीच सापडतो.

वरवरचा गंज मला स्वतः काढायचा आहे. नीट सगळं सांगाल?

सांगतो, पण सुट्टीचा अख्खा दिवस ठेवा आणि दिवस कोरडा निवडा. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला करा. अल्टरनेटर, फ्यूजबॉक्स, हवेच्या फिल्टरचं तोंड आणि उघडी कनेक्टर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. तारेच्या ब्रशची तुटलेली तार अल्टरनेटरमध्ये गेली तर शॉर्ट होऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क हवाच.

पहिलं काम घासण्याचं नाही, धुण्याचं आहे. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. गंजावर मीठ असताना घासलं तर तेच मीठ उघड्या लोखंडात भरतं आणि रंगाखाली सहा महिन्यांत फोड येतात. गोड्या पाण्यात थोडा साबण घालून ब्रशने तो भाग धुवा, दोनदा साध्या पाण्याने पुसून घ्या आणि पूर्ण सुकू द्या. ऑइलचा चिकटा असेल तर डिग्रीझर लावा. रॉकेलने चिकटा निघतो, पण मागे तेलकट थर राहतो, आणि पेट्रोलने इंजिन पुसणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मग तारेचा ब्रश. सैल गंज सगळा उडेपर्यंत. त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, पुढे १२० आणि २२०. आरशासारखं चकचकीत करायची गरज नाही, थोडा खरखरीतपणा राहिला तर प्रायमर धरतो. जे ब्रॅकेट दोन बोल्ट काढून बाहेर येतं ते बाहेर काढूनच घासा. जागेवर घासलेल्या ब्रॅकेटची मागची बाजू नेहमी राहते, आणि पाणी तिथेच साचलेलं असतं.

शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा. उघडं लोखंड आमच्या हवेत तासा-दोन तासांत पुन्हा पिवळसर पडायला लागतं. म्हणून सकाळी घासलं आणि प्रायमर संध्याकाळी, असं चालत नाही. जेवायला जायचं असेल तर आधी जेवून घ्या.

दोन जागा मात्र पेपरने कधीच घासू नका: जिथे गॅस्केट (दोन भागांच्या जोडातली गळती थांबवणारी पट्टी) बसतं ते पृष्ठभाग आणि ऑइल भरण्याच्या तोंडाचा आसपासचा भाग. पॉलिश पेपरची खरखरीत पूड ऑइलमध्ये गेली की ती बेअरिंग खाते. तीन-चारशे रुपयांच्या हौसेपायी इंजिन खोलायची वेळ येते.

रस्ट कन्व्हर्टर म्हणजे काय? तो लावला की घासावं लागत नाही ना?

घासावं लागतंच. सैल गंज काढल्यावर खड्ड्यांत जो चिकटून राहतो, त्याच्यासाठी कन्व्हर्टर आहे. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये टॅनिक आम्ल किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून काळा, घट्ट थर तयार करतं. आपल्याकडे ही ओळख जुनी आहे. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करायचे, तो काळेपणा म्हणजे हीच क्रिया. सह्याद्रीत गोळा होणारा हिरडा टॅनिनसाठीच कातडी कमावायला जात असे.

कन्व्हर्टर पातळ लावा, रंग काळा पडू द्या, बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा आणि वर प्रायमर-रंग द्या. नुसता काळा थर पाऊस झेलत नाही. चकचकीत, गंज नसलेल्या लोखंडावर त्याचा उपयोग नाही, ॲल्युमिनियमवर लावायचा नाही, आणि मॅनिफोल्डसारख्या तापणाऱ्या भागावर तो जळून जातो.

डब्ल्यूडी-४० मारलं की पुरेल का?

थोडे दिवस पुरेल. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं, पाणी हटवायला आणि क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. पाणी हटवण्याचं काम ते आजही चोख करतं. पण त्याचा थर पातळ असतो आणि पावसाळ्यात काही आठवड्यांत निघून जातो. धुतल्यावर ओल घालवायला ते वापरा. मोसमभर टिकायला मेणासारखा थर धरणारा गंजरोधक स्प्रे घ्या, किंवा बोल्टच्या डोक्यावर बोटाने ग्रीस लावा. बेल्टवर, रबरी नळ्यांवर आणि ब्रेकवर यातलं काहीही उडू देऊ नका.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक?

आम्ल गंज विरघळवतं, त्यामुळे आजीने चिंचेने तांब्याची भांडी घासली ते बरोबरच होतं. सुटे छोटे भाग, क्लिपा, वॉशर रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये ठेवले तर सकाळी ब्रशने छान निघतात. नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवा, सुकवा, लगेच तेल लावा. नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा लाल. कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल अगदी थोडं आणि साखर भरपूर, चिकटा होतो, नको.

ज्या बोल्टच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला आहे तो आणि कोणतीही स्प्रिंग आम्लात भिजवायची नाही. आम्लातला हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो, ते ठिसूळ होतं आणि नंतर ताणाखाली अचानक तुटतं. असा बोल्ट गंजला असेल तर नवा घ्या.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावून गंज काढतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे आणि ब्रॅकेट, जुनी पुली यांच्यासाठी ती पद्धत माझी आवडती आहे, कारण चांगलं लोखंड जरासुद्धा खाल्लं जात नाही. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि काही चमचे धुण्याचा सोडा. गंजलेला भाग चार्जरच्या निगेटिव्हला, लोखंडाचा एक भंगार तुकडा पॉझिटिव्हला, दोघं एकमेकांना न चिकटता पाण्यात. काही तासांत गंज सुटून काळा गाळ राहतो. भंगार तुकडा स्टेनलेस स्टीलचा नको, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हे काम अंगणात उघड्यावर करा, कारण हायड्रोजन वायू सुटतो. ॲल्युमिनियमचा भाग या पाण्यात टाकू नका, तो विरघळायला लागेल. आणि वर सांगितलेले कठीण बोल्ट व स्प्रिंग इथेही वर्ज्य.

नट गंजून जाम झालाय. लांब पाना लावून जोर काढू का?

थांबा. मी स्वतः उमेदवारीच्या काळात घाईत एका मॅनिफोल्डचा स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, मोडला होता. आठ मिलिमीटरचा स्टड, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अर्धा राहिला. तो काढायला मॅनिफोल्ड उतरवून, मध्यात बरोबर भोक पाडून, आटे पुन्हा पाडून घ्यावे लागले. जे काम अर्ध्या तासाचं होतं त्याला दोन दिवस गेले, आणि गाडीवाल्याचे ते दोन दिवस मी परत देऊ शकलो नाही.

तेव्हापासून पद्धत ठरलेली. आदल्या रात्री आट्यांवर आत झिरपणारं तेल मारायचं, सकाळी पुन्हा. नटाच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टकटक करायची, त्या थरथरीने तेल आत उतरतं. सहा कोनांचा बॉक्स पाना घ्यायचा, बारा कोनांचा नाही, तो गंजलेलं डोकं गोल करतो. आधी नट किंचित घट्ट दिशेला हलवायचा, मग सैल. चतुर्थांश फेरा सुटला की पुन्हा तेल, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. गॅसची ज्योत लावायची असेल तर ते गॅरेजवर सोडा, आसपास पेट्रोलची नळी असते. इतकं करूनही हलत नसेल तर छन्नीने नट फोडा. नट दहा रुपयांत मिळतो, मोडलेला स्टड हजारांत जातो. बसवताना आट्यांवर उष्णता सोसणारं तांबूस अँटीसीझ ग्रीस (आटे पुन्हा जाम होऊ न देणारं) लावा, आणि ग्रीस लावल्यावर तोच जोर जास्त आवळतो हे ध्यानात ठेवून हात जरा हलका ठेवा.

कोणता रंग मारायचा?

बॉनेटखालच्या ब्रॅकेट, ट्रे, चेंबर यांना आधी प्रायमर, झिंक फॉस्फेटचा असेल तर उत्तम, मग इंजिन इनॅमल, ज्यावर २०० अंशांच्या आसपास किंवा वर सोसतो असं लिहिलेलं असतं. गेटाला लावतो तो रेड ऑक्साइड आणि साधा तेलरंग गार राहणाऱ्या ट्रेला चालतो, इंजिनला नाही. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरला फक्त सायलेन्सर पेंट, ६०० अंशांचा, आणि तोही थेट लोखंडावर, खाली साधा प्रायमर न लावता. तो इंजिन टप्प्याटप्प्याने तापवूनच पक्का होतो. पहिल्यांदा तापताना धूर येईल, वास येईल, ते साहजिक आहे. खरं सांगायचं तर मॅनिफोल्ड रंगवावा असं मला वाटतच नाही. दोन वर्षांत तो पुन्हा लाल होतो आणि काही बिघडत नाही.

रंग मारायचा नाही अशा जागा: पुलीच्या खाचा, बेल्ट जिथे फिरतो तो भाग, आटे, अर्थिंगचे बोल्ट, कोणतेही सेन्सर.

ऑइलचा चेंबर गंजलाय आणि बाहेरून ओलसर दिसतोय.

हे मात्र टाळू नका. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची परात, बऱ्याच गाड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याची. खालून चिखल-पाणी उडतं, दगड लागून रंग उडतो, आणि गंज तिथून सुरू होतो. नुसता कोरडा लाल असेल तर घासून, प्रायमर-रंग देऊन बरीच वर्षं निघतात. ओलसर असेल तर आधी पुसून एक दिवस चालवून बघा. ओल कडेच्या जोडातून येत असेल तर गॅस्केट, पत्र्याच्या मधून येत असेल तर भोक पडायला आलंय. चेंबर बदला. वर एम-सील थापून लांबचा प्रवास करणारे मी पाहिलेत. ऑइलचा दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

कूलंट चहासारखं तपकिरी झालंय.

गंज आतून लागलाय. बहुतेक वेळा कारण एकच: वाटेत कुठेतरी नळाचं किंवा विहिरीचं पाणी ओतलं आणि तसंच राहिलं. कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं, पण त्याहून मोलाची त्यातली गंजरोधक रसायनं असतात. साधं पाणी मिसळलं की ती पातळ होतात, आणि ती काळानुसार संपतातही. गार इंजिनवर सगळं पाणी काढून, डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुऊन, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं नवं कूलंट भरा. रंग बघून कूलंट निवडू नका, रंग कंपनीगणिक बदलतो. ब्लॉकच्या बाजूला बसवलेली गोल पत्र्याची बुचंही तपासून घ्या. ती आतून गंजतात आणि एखाद्या दिवशी तिथून धार लागते. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही, कधीही उघडू नये.

पुलीवर गंज आहे, बेल्ट किंचाळतो.

महिनाभर उभ्या गाडीत असं होतं. खाचांतला गंज बेल्टला पॉलिश पेपरसारखा घासतो. इंजिन बंद ठेवून, बेल्ट काढून, नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करा. खड्डे पडले असतील तर पुली बदला. बेल्ट ड्रेसिंग मारून आवाज दाबू नका.

सकाळी सेल्फ जड फिरतो. बॅटरी नवी आहे.

अर्थिंग बघा. इंजिनपासून बॉडीला जाणारी एक जाड पट्टी किंवा वायर असते. तिच्या बोल्टखाली गंज धरला की करंटला वाट मिळत नाही, दिवे मंद होतात, सेन्सर चुकीचं वाचायला लागतात. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा, आणि मग वरून व्हॅसलिन लावा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी बॅटऱ्या आणि सेल्फ उगाच बदललेले मी पाहतो तेव्हा मनाला फार लागतं.

पावसाआधी गाडीखाली काळं ऑइल मारून घेतो. चालेल ना?

ट्रकवाल्यांची ही जुनी रीत, माझे वडीलही करायचे. मी बंद केली. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचे कण असतात, ते रबरी बुश फुगवतं, गरम मॅनिफोल्डवर उडालं तर पेट घेऊ शकतं, कातडीला घातक आहे, आणि पहिल्या पावसात ते वाहून शेताच्या चरात, तिथून विहिरीत जातं. मेणाचं किंवा लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणाचं) कोटिंग महाग पडतं, तरी तेच करा. डांबरासारखं जाड अंडरकोटिंग गंजावरून मारलं तर पाणी आत कोंडून गंज आतल्या आत वाढतो, म्हणून आधी धुणं आणि सुकवणं, मगच कोटिंग.

इंजिन पाण्याने धुवावं की नाही?

किनाऱ्यावर राहत असाल तर वर्षातून दोनदा धुवावं असं माझं मत आहे. प्रेशर गनने नाही. गार इंजिन, बांधलेल्या पिशव्या, बागेच्या झारीइतकी हलकी धार, मऊ ब्रश. नंतर बॉनेट उघडं ठेवून सुकवा, मग वीस-तीस किलोमीटर चालवून आणा, म्हणजे फटींतलं पाणी उष्णतेने जाईल. पुळणीवरून किंवा फेरीबोटीतून आल्यावर गाडीचं पोट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. उद्यावर टाकलं की मीठ आत मुरतं.

मी मुंबईला, गाडी गावी. शेजारचे काका आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. बरोबर ना?

काकांना सांगा, चालू करायची तर वीस-तीस मिनिटं फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. गाडी चालली तर ते वाफ होऊन जातं. नुसती उभ्या जागी दहा मिनिटं चालली तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये थेंब होऊन राहतं. ऑइलच्या झाकणाखाली साबणाच्या फेसासारखा पिवळट चिकटा दिसतो तो त्याचाच. सायलेन्सर आतून सडतो तोही त्यामुळेच.

प्लास्टिकचं ताडपत्री कव्हर ओल कोंडतं. छपराखाली, वारा खेळेल असं ठेवा. गणपतीला येऊन परत जाताना ऑइल नवं असेल आणि टाकी भरलेली असेल तर होळीपर्यंत गाडी बरी राहते.

सीएनजी गाडीत वेगळं काही?

एक किलो सीएनजी जळला की सव्वादोन किलोच्या आसपास पाणी होतं, म्हणून छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर आधी जातो. गॅसच्या सिलिंडरवर गंज दिसला तर घासू नका, रंगवू नका, तपासणी केंद्रात दाखवा. तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (सिलिंडरची पाण्याच्या दाबाखालची तपासणी) चुकवू नका.

गाडी पुरात बुडाली होती. आता इंजिनवर गंज दिसतोय.

२२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी महिने अशाच गाड्यांवर काम केलं. तेव्हा शिकलो ते सांगतो. पाणी इंजिनच्या हवेच्या वाटेपर्यंत पोचलं असेल तर चावी फिरवायचीच नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि नंतर विमा कंपनी 'तुम्ही चालू केली म्हणून नुकसान झालं' असं म्हणू शकते. इंजिनच्या नुकसानीचं वेगळं संरक्षण, म्हणजे 'इंजिन प्रोटेक्ट', जोडून घेतलंय का ते पॉलिसीत बघा. टो करून आणा. स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडरमधलं पाणी काढायचं, थोडं ऑइल घालून हाताने फिरवायचं, ऑइल-फिल्टर बदलायचे, लवकरच पुन्हा बदलायचे. सिलिंडरच्या भिंतीवर पाणी राहिलं तर दोन-तीन दिवसांत गंज धरतो. बाहेरचा गंज या गाड्यांत सगळ्यात शेवटी बघायचा.

जुनी गाडी बघायला गेलो, इंजिन नवं कोरं काळं रंगवलेलं होतं. घेऊ का?

मी आधी विचारेन, का रंगवलं. बोल्टवर, नळ्यांवर, स्टिकरवर सरसकट एकाच रंगाचा फवारा असेल तर कुणीतरी गंज झाकलाय. प्रामाणिक लाल मॅनिफोल्ड असलेली गाडी मला त्यापेक्षा बरी. सीटच्या खालचे रूळ, सीटबेल्टच्या मुळाशी असलेले बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा बघा. तिथे गंज आणि गाळ असेल तर गाडीने पूर पाहिलाय.

वर्षातून एकदाच बघायचं तर कधी?

खंडेनवमीला गाडी धुतोच आपण, दसऱ्याला हार घालतो. तोच मुहूर्त धरा. पाऊस ओसरलेला असतो, मिठाचा थर अजून ताजा असतो, आणि ऑक्टोबरचं ऊन रंग सुकवायला हाताशी असतं. बॅटरी उचलून ट्रे बघा, गाडीखाली आडवे होऊन चेंबर आणि ब्रेकचे पाइप टॉर्च मारून बघा, कूलंटचा रंग बघा, अर्थिंगचा बोल्ट हलवून बघा. वायपरखालची जाळी काढून पावसाळ्यात साचलेला पाला हाताने उपसा, कारण तिथलं पाणी जायची भोकं तुंबली की ते इंजिनवर गळतं. आणि झेंडूचा हार सुकला की लगेच काढून घ्या. त्याच्या पाकळ्या त्याच जाळीत पडतात.